समुद्रावर बर्फाचं झाकण असताना तिथले पक्षी जेवतात कुठे?

प्रश्न थोडक्यात असा होता की ध्रुवाजवळचा समुद्र गोठून बंद झालेला असताना तिथले पक्षी खातात काय, त्यासाठी किती लांब जातात, आणि पुस्तकांमधे स्नो पेट्रेलसारख्या पक्ष्याचा पट्टा अख्ख्या अंटार्क्टिकाभोवती एकसारखा रंगवलेला असतो तो कितपत खरा मानायचा. मी बरीच वर्षं बोटीच्या ब्रिजवर बसून पक्षी मोजलेत आणि काही सीझन वसाहतीत बसून पिल्लांनी अंगावर टाकलेली ओकारी चमच्याने डब्यात भरलीय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी नकाशाचं बघू, कारण घोळ तिथेच सुरू होतो. रंगवलेला पट्टा म्हणजे वर्षभरात तो पक्षी जिथे जिथे दिसू शकतो त्या सगळ्या जागांची बेरीज, एखाद्या दिवशी तो त्या पट्ट्यात सगळीकडे पसरलेला असतो असं अजिबात नाही. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ फेब्रुवारीच्या शेवटाला साधारण 30 लाख चौरस किलोमीटर उरतो आणि सप्टेंबरमधे तो 180 लाखांच्या पुढे जातो, म्हणजे जवळजवळ सहापट, आणि मग परत आकसतो, असं दरवर्षी (2023 च्या फेब्रुवारीत तर तो 18 लाखांच्याही किंचित खाली गेला होता). आता ज्या पक्ष्याचं पोट या बर्फाच्या कडेवर आणि फटींवर चालतं त्याचं घर दर महिन्याला सरकतंय, कधी शेकडो किलोमीटर, त्यामुळे कोणी रेंज किती असं विचारलं की मी उलट विचारतो, कुठल्या महिन्यातली? बोटीवरून मोजताना चार चार तास नुसतं पांढरं रान जातं, एक पक्षी नाही, डोळे चुरचुरायला लागतात, आणि मग बर्फात एखादी पाण्याची गल्ली उघडते, आम्ही तिला लीड म्हणतो, की तिच्या काठावर आणि शेजारच्या हिमनगावर शेकड्याने अंटार्क्टिक पेट्रेल बसलेले. यांची सरासरी काढली तर दर चौरस किलोमीटरला थोडेथोडे पक्षी येतात आणि ती सरासरी कागदावर छान दिसते पण प्रत्यक्षात तशी घनता कुठेच नसते. नकाशातला पट्टा डोक्यातून काढा आणि त्या जागी सरकणारी कड आणि त्या कडेमागची भोकं ठेवा, पुढचं सगळं त्यावरूनच कळेल.

बरं, झाकणाखाली काय असतं. लोकांना वाटतं बर्फाखाली सगळं थंडगार मेलेलं असणार. बोट पुढे जाताना बर्फाचा तुकडा उलटला की त्याची खालची बाजू बघा, कोऱ्या चहासारखी तपकिरी असते. ते शेवाळ, बहुतेक करून डायटम, बर्फातून झिरपणाऱ्या मंद उजेडावर वाढलेलं. म्हणजे हे उलटं टांगलेलं शेत आहे. हिवाळ्यात खालच्या पाण्यात खाण्यासारखं जवळपास काही नसतं तेव्हा अंटार्क्टिक क्रिलची (कोळंबीसारखा छोटा जीव) पोरं याच शेतात चरून दिवस काढतात. मोठं क्रिल 6 सेंटिमीटरपर्यंत होतं आणि पाच सहा वर्षं जगतं, म्हणून एका हिवाळ्यात बर्फ नीट जमला नाही तर त्याची उणीव त्याच उन्हाळ्यात दिसेलच असं नाही, ती पुढची काही वर्षं थोडीथोडी करून पेंग्विनच्या पिल्लांच्या पोटात दिसते. क्रिलच्या जोडीला अंटार्क्टिक सिल्व्हरफिश (पुस्तकांना लागणारी कसर नव्हे, हा मासा आहे, किनाऱ्याजवळच्या थंड पाण्यातला, आणि खाणाऱ्यांची लाइन क्रिलइतकीच मोठी). वसंतात बर्फ वितळायला लागला की कमी खारं हलकं पाणी वर तरंगतं, त्यात ऊन शिरतं, शेवाळ एकदम फोफावतं आणि बर्फाच्या कडेला काही आठवडे अक्षरशः पंगत बसते.

यात अजून एक भानगड आहे जी मला स्वतःला फार उशिरा नीट समजली. लँटर्नफिश म्हणून छोटे मासे असतात, दिवसा काही शे मीटर खाली आणि रात्री वर. मोकळ्या समुद्रात उन्हाळ्यात त्या अक्षांशावर रात्र अशी होतच नाही नीट, पण बर्फाखाली अंधारच असतो, त्यामुळे ते मासे तिथे वर येतात आणि लीडच्या काठाशी पृष्ठभागावर सापडतात. म्हणजे जो पक्षी एक फूटसुद्धा बुडी मारू शकत नाही त्याला शेकडो मीटर खोलीवरचा मासा खायला मिळतो, केवळ शेजारी बर्फ आहे म्हणून. झाकण नसतं तर हा मासा त्याच्या नशिबात नव्हता.

इथे खरा मुद्दा येतो. बर्फाळ समुद्रात अन्न कमी आहे ही अडचण नाहीये, अडचण पोचण्याची आहे. कोण किती खोल जातं, कोणाला किती मोठं भोक लागतं, कोणाला उजेड लागतो आणि कोणाला लागत नाही, एवढं लिहून काढलं की कुठला पक्षी कुठे सापडणार ते बरंचसं आपोआप सांगता येतं.

स्नो पेट्रेलपासून सुरू करतो कारण तो माझा लाडका. कबुतराएवढा, पूर्ण पांढरा, डोळा आणि चोच काळी. याला खोल बुडता येत नाही, तो पृष्ठभागावरूनच उचलतो, पण उडण्यात इतका चपळ की दोन तुकड्यांमधल्या हातभर फटीवर घिरट्या घालून मासा किंवा क्रिल उचलून परत वर. त्यामुळे दाट बर्फातही त्याचं चालतं. दक्षिणेकडे जाताना हा दिसायला लागला की बर्फ जवळ आला हे जुने खलाशीसुद्धा ओळखायचे आणि आजही रडारवरच्या माणसाआधी आम्ही कधी कधी सांगतो, थोडा भाव खायला मिळतो. पण अंडी कुठे घालतो तर खडकाच्या कपारीत, आणि उघडा खडक अंटार्क्टिकात मिळतो कुठे, तर बर्फातून वर डोकं काढलेल्या डोंगरांच्या शेंड्यांवर, किनाऱ्यापासून कधी शंभर, कधी दोनशे आणि जास्तीत जास्त 440 किलोमीटर आत. म्हणजे आधी एवढं बर्फाचं वाळवंट ओलांडायचं, मग किनाऱ्याला चिकटलेला घट्ट बर्फ ओलांडायचा, मग कुठे फटी लागणार.

अंटार्क्टिक पेट्रेलचंही तेच. ड्रॉनिंग मॉड लँडमधे स्वार्टहामारेन नावाची जागा आहे, समुद्रापासून साधारण 200 किलोमीटर आत, तिथे वर्षानुवर्षं 20 हजारांपासून 2 लाखांपर्यंत घरटी मोजली गेली. आणि 2021-22 च्या उन्हाळ्यात बर्फाची वादळं अशी काही आली की अंटार्क्टिक पेट्रेलची अंडी उबवणारी घरटी सापडली फक्त तीन. तीन हजार नाही, तीन. समुद्रात अन्न होतं की नव्हतं हा प्रश्नच आला नाही, खडक बर्फाखाली गेला की खेळ खलास.

एवढ्या लांबून पिल्लासाठी घास आणायचा तर ओझं कमी आणि ताकद जास्त हवी, त्यावर पेट्रेल मंडळींचा उपाय म्हणजे पोटातलं तेल. खाल्लेल्या माशा-क्रिलमधली चरबी पोटाच्या पुढच्या भागात साठवून ठेवायची, पाणी निघून जातं, उरतं ते घट्ट नारिंगी तेल, पिल्लाला तेच भरवायचं आणि कोणी जवळ आलं की तेच त्याच्या अंगावर थुंकायचं. त्या वासाबद्दल मी काही लिहीत नाही, माझं एक जॅकेट तीन धुण्यांनंतरही घरच्यांनी घरात घेऊ दिलं नाही. पण याच थुंकीचे थर घरट्यांच्या तोंडाशी साठत जातात, थंडीत कुजत नाहीत, काही ठिकाणी ते 30 हजार वर्षांहून जुने निघालेत. त्यातली रसायनं तपासली की त्या काळात हे पक्षी काय खात होते आणि जवळपास उघडं पाणी होतं का याचा अंदाज येतो, म्हणजे हिमयुगातल्या जेवणाची हिशेबवही म्हणा ना.

विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल अजून छोटा, चाळीसेक ग्रॅमचा जीव. पाय पाण्यावर टेकवत नाचल्यासारखा चालतो आणि बारीकसारीक टिपतो. हे मंडळ वासाने चालतं. क्रिल वगैरे शेवाळ चरतात तेव्हा डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो, समुद्राचा जो एक ओळखीचा वास असतो ना त्यात हाच असतो, आणि 1990 च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं की काही जातीचे पेट्रेल त्या वासाकडे ओढले जातात. बर्फात धुकं आणि बर्फवृष्टी एवढी की डोळ्यावर विसंबून राहिलं तर उपाशीच मरायचं. थंडी वाढली की हे मात्र सरळ विषुववृत्त ओलांडून उत्तर अटलांटिक आणि हिंदी महासागरात जातात, त्यांचा बर्फाशी संबंध फक्त उन्हाळ्यापुरता.

उलट दिशेचा पाहुणा म्हणजे आर्क्टिक टर्न, म्हणजे सुरय पक्ष्यांपैकी एक, वजन फार तर शंभरेक ग्रॅम. ग्रीनलंडमधून लॉगर (जागा नोंदवणारं छोटं यंत्र) लावून सोडलेल्या पक्ष्यांनी वर्षात सरासरी 70,900 किलोमीटर प्रवास केला असं 2010 मधे प्रसिद्ध झालं. लोक तो आकडा ऐकून थक्क होतात आणि तिथेच थांबतात, मला त्यातला जास्त आवडणारा भाग वेगळा आहे, की एवढं सगळं करून तो जातो कुठे तर वेडेल समुद्राच्या बर्फाच्या कडेला, म्हणजे इकडचा बर्फाळ उन्हाळा संपला की तिकडचा बर्फाळ उन्हाळा, आणि तिथे तरंगत्या तुकड्यांवर बसून पिसं बदलतो. त्याला उजेड आणि पृष्ठभागाजवळचं क्रिल हवं, दोन्ही तिथे मिळतं.

आता बुडणारे. एम्परर पेंग्विनची नोंदलेली सर्वात खोल बुडी 564 मीटर आणि सर्वात लांब 32 मिनिटांच्या थोडी वर. पण हे आकडे दाखवायचे दात आहेत, रोजचं जेवण बहुतेक याहून खूप कमी खोलीवर होतं. पाठीवर कॅमेरा लावलेल्या एम्पररनी एक गमतीशीर गोष्ट दाखवली, ते थोडं खाली जातात, मान वर करून बर्फाच्या खालच्या बाजूकडे बघतात, उजेडासमोर बर्फाला चिकटून असलेले छोटे मासे काळे दिसतात, मग वर झेप घेऊन ते टिपायचे आणि परत खाली. म्हणजे इतरांसाठी झाकण असलेला बर्फ याच्यासाठी ट्यूबलाइट आहे. अडचण एकच, श्वास घ्यायला भोक हवंच. म्हणून हिवाळ्यात घट्ट बर्फावर अंडं सांभाळणारा नर शंभराहून जास्त दिवस उपाशी उभा असतो तेव्हा मादी मैलोन् मैल चालत जाऊन पॉलिनिया गाठते. पॉलिनिया म्हणजे बर्फातलं असं मोकळं पाणी जे वाऱ्यामुळे किंवा खालून येणाऱ्या कोमट पाण्यामुळे हिवाळ्यातही पुरतं गोठत नाही. बर्फ घट्ट हवा म्हणजे वसाहत टिकेल आणि पाणी फार लांब नको म्हणजे पिल्लू जगेल, या दोन्ही अटी एकाच वेळी. 2022 मधे बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या भागात बर्फ पिल्लांना पोहता येण्याआधीच फुटला आणि पाचपैकी चार वसाहतींत पिल्लं वाचली नसावीत असं सॅटेलाइट फोटोंवरून दिसलं.

अडेली पेंग्विनची गंमत वेगळी, आणि पेंग्विनला बर्फ आवडतो हे सरसकट वाक्य ऐकलं की मी यांचं उदाहरण देतो. अडेली बर्फाशिवाय राहत नाही हे खरं, हिवाळाभर तो पॅक आइसमधेच, म्हणजे तरंगत्या तुकड्यांच्या बर्फातच असतो, पण दाट बर्फ त्याला परवडत नाही. एका दिवसाच्या फेऱ्यात पोहायच्याऐवजी चालावं लागलं तर वेग पडतो, पोहणं कित्येक पटीने फास्ट आणि स्वस्त. जपानी संशोधकांनी ल्युत्झो-होल्म उपसागरात ट्रॅकर लावून हेच दाखवलं, बर्फ कमी होता त्या वर्षी पक्षी पोहत गेले, पटकन खाऊन आले, पिल्लं गुटगुटीत. आणि याच्या उलट टोक म्हणजे फ्रेंच तळाजवळची, आदेली लँडची वसाहत. तिथे 2013-14 मधे एकही पिल्लू वाचलं नाही आणि 2016-17 मधे 18 हजार जोड्यांमागे वाचली दोन पिल्लं. किनाऱ्यापुढचा बर्फ उन्हाळा आला तरी हलेना, त्यामुळे आईबापांना उघड्या पाण्यासाठी खूप लांब जावं लागलं आणि परत येईपर्यंत पिल्लू संपलेलं (आधीच्या त्या वर्षी भरीला पाऊसही पडला, पिल्लांची लव भिजली की ती गारठतात). त्याच वेळी दुसऱ्या टोकाला, अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला, बर्फ कमी होत गेल्यामुळे अडेली घटले आणि बर्फ टाळणारे जेंटू पेंग्विन वाढले. म्हणजे एकाच पक्ष्याला इथे बर्फ जास्त झाला म्हणून त्रास आणि तिथे कमी झाला म्हणून त्रास, आणि तरीही द्वीपकल्पाच्या पूर्वेला डेंजर बेटांवर 2018 मधे जाहीर झालेल्या मोजणीत साडेसात लाख जोड्या निघाल्या, त्या सापडल्या कशा तर आधी सॅटेलाइट फोटोत विष्ठेचा डाग दिसला म्हणून. एक वसाहत बघून अख्ख्या जातीबद्दल बोलणाऱ्यांपासून जरा सांभाळून.

फेऱ्याचं गणित थोडं सांगतो कारण किती लांब जातात याचं उत्तर त्यात आहे. पिल्लू असताना पक्षी दाव्याला बांधल्यासारखा असतो, दाव्याची लांबी म्हणजे पिल्लू किती दिवस उपाशी राहू शकेल. अडेलीच्या बाबतीत ते दावं काही दहा किलोमीटर ते शंभरेक किलोमीटर, पेट्रेलचं शेकडो किलोमीटर कारण ते उडतात आणि तेल आणतात. बऱ्याच जातींत आईबाप दोन तऱ्हेचे फेरे करतात, जवळचे छोटे फेरे पिल्लासाठी आणि मधेच एखादा लांबचा स्वतःचं पोट भरायला, नाहीतर तेच खंगून जातील. पिल्लू सुटलं की दावं सुटतं आणि मग खरी रेंज दिसते. रॉस बेटावरच्या अडेलींना लॉगर लावले तेव्हा वर्षाचा फेरा सरासरी 13 हजार किलोमीटर निघाला. बर्फाच्या प्रवाहाबरोबर वाहत, चालत, पोहत ते उत्तरेला जातात आणि कुठे थांबतात, तर जिथे दुपारी थोडा तरी उजेड पडतो तिथे, कारण अडेली डोळ्याने शिकार करतो आणि ध्रुवीय रात्रीत त्याला दिसत नाही. म्हणजे त्याच्या हिवाळी रेंजला दोन कडा आहेत, उत्तरेला बर्फ संपतो ती आणि दक्षिणेला उजेड संपतो ती, आणि तो या दोहोंच्या मधे सरकत राहतो.

आयत्या बिळावरचे नागोबा पण आहेतच. साउथ पोलर स्कुआ मासेही पकडतो पण पेंग्विनची अंडी-पिल्लं जवळ असतील तर तिथेच ठाण मांडतो, जायंट पेट्रेल सीलच्या मढ्यात डोकं घालून लालभडक होऊन बाहेर येतो, आणि शीथबिल तर पायाला पडदेही नसलेला पक्षी, पेंग्विन पिल्लाला भरवत असताना मधेच धडकून सांडलेलं क्रिल खातो आणि काही नाही मिळालं तर विष्ठा खातो. यांच्यावर जास्त लिहीत नाही.

आर्क्टिक. इथे सगळा पटच उलटा आहे, मधे समुद्र आणि भोवती जमीन, आणि जमिनीवर कोल्हा, बर्फावर अस्वल. म्हणून इथे पेंग्विनसारखं उडणं सोडून चालत नाही, ऑक कुळातले पक्षी पाण्यात पंखांनी पोहतात आणि त्याच पंखांनी उडतात, दोन्हीकडे तडजोड. ब्रुनिख्स गिलेमॉट एक किलोचा पक्षी, 200 मीटरपर्यंत बुडतो, आणि उडताना विश्रांतीच्या तुलनेत तीसेक पट ऊर्जा जाळतो, उडणाऱ्या पक्ष्यांत हा खर्च सर्वात जास्त मोजला गेलाय. तो हवेत बघितलात तर कळेल, पंख इतके भरभर की गुंडाळी फेकल्यासारखा जातो.

लिटल ऑक त्याहून छोटा, दीडशे ग्रॅमच्या आसपास, आणि हा खातो कोपेपॉड, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही छोटे कवचधारी जीव. हिशेब केला गेलाय की पिल्लं वाढवणाऱ्या एका पक्ष्याला दिवसाला 60 हजारांच्या आसपास कोपेपॉड लागतात. हो, एकेक टिपून. हे परवडतं ते दाणा तेलकट असेल तरच, थंड पाण्यातल्या मोठ्या कॅलॅनस जातींत चरबी भरपूर असते, अटलांटिकच्या कोमट पाण्याबरोबर येणारी छोटी जात मात्र फोलपटासारखी, तेवढंच काम आणि पदरात कमी. त्यामुळे पाणी एखाद-दोन अंश कोमट झालं की पक्ष्याला थंडीचा त्रास कमी होईल असं वाटणाऱ्यांना मी हेच सांगतो, थंडीशी त्याचं वाकडं नाहीच, त्याला दाणा कुठला मिळतो याच्याशी मतलब. ग्रीनलंडच्या वायव्येला यांच्या कोट्यवधी जोड्या आहेत आणि त्या तिथेच का, तर समोर नॉर्थ वॉटर पॉलिनिया आहे, स्थानिक इनुइट लोक तिला पिकियालासोर्सुआक म्हणतात. वरच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत बर्फाची कमान अडकून बसते, उत्तरेकडून येणारा बर्फ तिथेच थांबतो आणि खालचा बर्फ वारा-प्रवाह वाहून नेतात, म्हणून मधे पाणी उघडं, शेवाळाला लवकर ऊन, कोपेपॉड, ऑक, आणि ऑकवर कोल्हे आणि माणसं. कमानीवर हे सगळं टेकलेलं आहे.

आर्क्टिकमधे क्रिलच्या जागी पोलर कॉड धरा. रक्तात गोठणरोधक प्रथिनं असलेला हा मासा बर्फाच्या भेगांत लपून असतो आणि बोट बर्फ उलटवत गेली की वर फेकला जातो, तडफडतो, आणि मागे किटिवेक आणि फुलमार यांची रांग. इथे मोजणाऱ्यांसाठी एक इशारा, हे पक्षी आपल्या बोटीने वाढलेल्या ताटावर आलेले असतात, ते मोजून इथे किटिवेकची घनता खूप असं लिहिलं तर ती बोटीची घनता झाली. नव्या मुलांकडून ही चूक होतेच, माझ्याकडूनही झाली होती आणि पहिल्या सफरीच्या चार दिवसांच्या वह्या बाद कराव्या लागल्या. आयव्हरी गल हा पांढरा कुरव तर बर्फावर अस्वलाच्या मागे मागे असतो, सीलची उरलेली चरबी आणि रक्ताने माखलेला बर्फसुद्धा खातो, शिवाय पोलर कॉड. कॅनडात त्याची घरटी 1980 च्या दशकापासून दोनेक दशकांत साधारण 80 टक्क्यांनी घटली. स्वालबार्डमधे समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्यांच्या तोंडाशी किटिवेकची झुंबड दिसते, खालून सुटलेलं गोडं वितळपाणी वर उसळताना तळाकडचे जीव वर आणतं आणि गोड्या पाण्याच्या झटक्याने ते अर्धमेले तरंगतात, आयती मेजवानी.

आणि स्पेक्टॅकल्ड आयडर. हे समुद्री बदक अलास्का-सायबेरियाच्या किनाऱ्यांवर घरटी करतं पण हिवाळ्यात जातं कुठे हे 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत कोणालाच माहीत नव्हतं. शरीरात ट्रान्समीटर बसवलेल्या एका पक्ष्याचा सिग्नल बेरिंग समुद्रात सेंट लॉरेन्स बेटाच्या दक्षिणेला, भर पॅक आइसमधून आला, विमान पाठवलं तर बर्फातल्या भोकांत लाखांनी बदकं दाटीवाटीने बसलेली, जगातली जवळपास सगळी संख्या तिथेच. 40 ते 70 मीटर बुडून तळाचे शिंपले खातात. नकाशात हिवाळी रेंज म्हणून एक ठिपका येईल, पण त्या ठिपक्यात सगळी जात.

बर्फ हटल्यावर रेंज नुसती उत्तरेला सरकते असंही नाही, कारण घरटं सरकत नाही. अलास्काच्या कूपर बेटावर जॉर्ज डिव्होकी 1975 पासून ब्लॅक गिलेमॉट बघतायत. सुरुवातीला पिल्लांना पोलर कॉड मिळायचा कारण बर्फाची कड जवळ होती, मग कड उन्हाळ्यात लांब लांब जात गेली, पक्षी कमी तेलाचे किनारी मासे आणायला लागले आणि पिल्लं उपाशी मरायला लागली, त्यात बर्फ गेला म्हणून किनाऱ्यावर आलेली अस्वलं घरट्यात हात घालायला लागली, शेवटी पक्ष्यांना प्लॅस्टिकच्या पेट्यांमधे घरटी द्यावी लागली. अन्न तिथेच आहे, बर्फाखाली, फक्त दाव्याच्या बाहेर गेलं.

क्रिल पकडणाऱ्या बोटींमुळे फरक पडतो का असं अनेकदा विचारतात. दक्षिण अटलांटिकच्या बाजूला क्रिल पकडण्याची मर्यादा 6 लाख 20 हजार टनांवर ठेवलेली आहे, एकूण क्रिलच्या मानाने ते थोडं वाटतं, पण बोटीही कुठे जातात तर कडेला आणि वसाहतींच्या समोर, म्हणजे ज्या पक्ष्याचं दावं पन्नास किलोमीटरचं आहे त्याच्या नेमक्या त्याच पन्नास किलोमीटरात. अख्ख्या समुद्राची सरासरी इथेही फसवते, माझं मत विचाराल तर मर्यादा टनात कमी-जास्त करण्यापेक्षा ती छोट्या भागांत आणि महिन्यांत वाटून देण्याला जास्त महत्त्व आहे.

राहिला नकाशा खरा का हा भाग. जुने नकाशे बोटींनी बनवले आणि बोटी जातात उन्हाळ्यात, ठरलेल्या मार्गाने, तळांना सामान पोचवायला. म्हणजे पक्षी कुठे दिसले यापेक्षा बोट कुठे होती तेच पुष्कळदा नकाशात उतरलंय. हिवाळ्याचा भाग भरला तो लॉगर आल्यावर, पायातल्या कड्याला लावायचा ग्रॅम-दीड ग्रॅमचा तुकडा, तो उजेड मोजतो, सूर्योदय-सूर्यास्तावरून जागा काढतो, आणि ओला-कोरडा सेन्सर असेल तर पक्षी पाण्यात बसला होता की बर्फावर तेही सांगतो. पण यात एक मेख आहे. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास जगभर दिवस-रात्र सारखी असते, त्यामुळे अक्षांश काढताच येत नाही, आणि भर उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही तिथे तर काहीच काढता येत नाही. म्हणजे बर्फ सर्वात जास्त पसरलेला असतो ते सप्टेंबरचे आठवडे आणि पक्षी वसाहतीतून पांगायला लागतात ते मार्चचे आठवडे, नेमके तेच धूसर. असा नकाशा हातात आला की मी आधी तारखा बघतो, या दोन महिन्यांतले ठिपके मनातल्या मनात पुसतो, आणि जे उरतं त्यावर त्या त्या आठवड्याचा सॅटेलाइटवरचा बर्फ ठेवून बघतो, ठिपके कडेला आणि भोकांजवळ पडले तर ठीक, सलग पांढऱ्यावर पसरले असतील तर लॉगर चुकलाय.